तिसरा प्लग

हरिबानं ते भांडं बनवलं तेव्हा शेजारच्या तात्याबाला वाटलं, गडी आता हातभट्टी लावतोय की काय. जाड पोलादी पाइपचा वीतभर तुकडा. एका तोंडाला आटे पाडून इंजिनाचा प्लग बसायची जागा केलेली, दुसऱ्या तोंडाला जुन्या कॉम्प्रेसरची जाड गोल काच, आणि बाजूला ट्यूबचा व्हॉल्व्ह नि हवेच्या दाबाचा काटा. शिक्रापुरात हायवेला तात्याबाचं पंक्चरचं दुकान आणि हरिबाचं गॅरेज एकाच पत्र्याखाली होतं. मध्ये भिंत नव्हती, त्यामुळं एकाचं काम दुसऱ्याला दिसल्याशिवाय राहत नसे.

“ह्यात काय शिजवायचं?” तात्याबानं विचारलं.

“प्लग,” हरिबा म्हणाला. “तुमच्या कॉम्प्रेसरची हवा लागंल तेवढी.”

ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नगर रस्त्याला कंपन्या वाढल्या होत्या, शिक्रापुरात खोलीखोलीतून कामगार राहत होते, आणि त्यांना पाळीवर पोचवायला व्हॅन धावत होत्या. बहुतेक व्हॅनवाल्यांनी गॅसचं किट बसवून मागं स्वयंपाकाच्या गॅसची टाकी ठेवलेली असायची. हे कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळेच ते करत होते. हरिबाचा धाकटा भाऊ संपत त्यातलाच एक.

गॅसवर गाडी पळायची, पण प्लग टिकायचे नाहीत. चढाला किंवा भरलेली गाडी उचलताना इंजिन अडखळायचं. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग मारायची. प्लग काढून बाहेर बघितला तर ठिणगी चांगली निळी पडायची, परत बसवला की तीच रड. हरिबा त्याच्यावर पुष्कळ दिवस विचार करत होता.

“मोकळ्या हवेत समदेच प्लग शाणे असत्यात,” तो संपतला म्हणाला. “इंजिनात हवा दाबून कोंडली की तवा कळतं कोण उडी मारतो आन् कोण बसून राहतो. आपल्याला तिथं आत बघाय पायजे.”

आत बघायचं म्हणून ते भांडं. त्यात प्लग बसवायचा, हवा भरायची, बॅटरी आणि कॉइल जोडून तार टेकवायची आणि काचेतून ठिणगी बघायची. उन्हाच्या उजेडात ती दिसायची नाही. मग हरिबानं घरातलं जुनं घोंगडं आणलं. दोघं भाऊ भांड्यासकट त्याखाली शिरायचे, डोक्याला डोकं लावून. बाहेरून चार पाय तेवढे दिसायचे. तात्याबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “मेंढरं विकली, पर घोंगड्याखाली बसायची सवय गेली न्हाई.”

मेंढरं खरंच विकली होती. त्यांचं मूळ गाव नदीपलीकडचं, राहू नावाचं. वडील कळप घेऊन फिरायचे. ते गेले तेव्हा हरिबाला मिसरूड फुटत होतं आणि संपत इतका लहान होता की वाटचालीत त्याला घोड्यावर सामानाच्या मध्ये बसवून वर दोरी बांधावी लागायची. आई त्याआधीच गेलेली. हरिबानं कळप विकला, हायवेच्या एका गॅरेजात पाने पुसायला राहिला, आणि भावाला बरोबर ठेवलं. स्वतःच्या लग्नानंतर बायकोला, गिताबाईला, पहिली गोष्ट त्यानं सांगितली ती हीच की घरात एक पोर आधीपासून आहे. गिताबाईला पुढं मूल झालं नाही. संपतचं लग्न झालं, कासुर्डीची पूनम घरात आली, तिला प्रगती झाली, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात ती पोर कुणाची हे ठरवायची कुणाला गरज वाटली नाही. प्रगती हरिबाला आबा म्हणायची, म्हणून पूनमही आबाच म्हणायला लागली; गिताबाईला ती आक्का म्हणायची.

भांड्यातून नवंनवं दिसायला लागलं. काटा वर चढेल तशी ठिणगी बारीक व्हायची, थरथरायची आणि मग एकदम बंद. कोणता प्लग कुठल्या दाबाला विझतो हे हरिबाला तोंडपाठ झालं. मग त्यानं कानस हातात घेतली. कुठं टोक अणकुचीदार कर, कुठं फट कमी कर, कुठं खाच पाड. एकदा त्यानं हवेच्या जागी भांड्यात टाकीतला गॅस भरला. आतली हवा आधी पुरती हाकलली होती, आणि हवेशिवाय नुसता गॅस पेटत नाही हे त्याला माहीत होतं. पण तात्याबा दुकान टाकून रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला, तो भांडं रिकामं झाल्यावरच परत आला. त्या दिवशी हरिबाला कळलं, की हवेत चांगली उडणारी ठिणगी गॅसमध्ये निम्म्या दाबालाच दम सोडते.

“आता सापडलं,” तो घोंगड्याखालून घामाघूम होऊन बाहेर आला. “एका टोकाचं काम न्हाई हे. ठिणगीला दोन वाटा ठिवाय पायजे. एक अडली तर दुसरी.”

मग त्यानं दोन टोकांचे प्लग बनवायला घेतले. बाजूचं लोखंडी टोक वाकवायचं, त्याच्यासमोर दुसरं बसवायचं. नाजूक काम. प्लगचा पांढरा चिनीमातीचा भाग काचेसारखा असतो, जरा जोर जास्त झाला की गेला. कितीतरी फुटले. शेवटी संपतच्या व्हॅनसाठी तीन झाले. तीन पिस्टनची गाडी, तीन प्लग.

तिसरा करताना तो व्हाइसच्या लोखंडी पकडीत जरासा सरकला आणि हरिबाला बारीक ‘टिक’ असा आवाज आला. त्यानं प्लग उजेडात धरला, नखानं चाचपला. काहीच दिसलं नाही. भांड्यात लावला, हवा भरली. ठिणगी निळीशार, आधीच्या दोन्हींच्या तोडीची. त्यानं तो बसवला.

गाडी अशी पळायला लागली की संपत येताजाता गॅरेजसमोर विनाकारण हॉर्न वाजवायचा. दुसरे व्हॅनवाले विचारायला यायचे. हरिबा म्हणायचा, “आधी पावसाळा काढू द्या ह्याच गाडीला. मग बघू.” तो उतावळा माणूस नव्हता.

पावसाळा संपता संपता संपत एकदा सकाळी म्हणाला, “दादा, उचलताना जरा दम धरती गाडी. कालपास्नं. एकदा बंद बी पडली.”

हरिबा दुरुस्तीला आलेल्या एका ट्रकच्या खाली होता. “गॅस संपत आला आसंल. चालव, रयवारी उघडून बघू.”

“बरं,” संपत म्हणाला आणि गेला.

रविवार यायच्या आत, पहिल्या पाळीच्या कामगारांना आणायला संपत रिकामी व्हॅन घेऊन निघाला. चाकण फाट्याला हायवे ओलांडताना नगरकडून आलेल्या ट्रकनं व्हॅनला कडेनं धडक दिली. टाकी फुटली नाही, आग लागली नाही. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. लोकांनी हरिबाला बोलवायच्या आधीच तो आवाजाच्या दिशेनं निघाला होता. कुणाची गाडी हे त्याला ठाऊक नव्हतं. गॅरेजवाल्याची सवय, आवाज झाला की जायचं.

संपतला बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. तो हरिबानं स्वतः कापला. दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी जबाबासाठी त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं. तिथं बाकड्याच्या कोपऱ्यात ट्रकचा ड्रायव्हर बसलेला होता. कपाळाला पट्टी. बिहारकडचा, संपतपेक्षाही लहान असेल. हरिबाला बघून तो उठून उभा राहिला.

“चाचा, गाडी बीच में बंद खडी थी,” तो म्हणाला. “वो चाबी घुमा रहा था. मैंने देखा उसको. ब्रेक मारा, लेकिन लोड था.”

हवालदारानं त्याला खाली बसवलं. हरिबा जबाब देऊन घरी आला. पण ते ‘चाबी घुमा रहा था’ त्याच्या डोक्यातून जाईना. लोक भेटायला येत होते, ट्रकवाल्यांना शिव्या देत होते, आणि हा मान खाली घालून ऐकत होता.

तेराव्याच्या आधी एका दुपारी तो उठला, पोलिसांनी फाट्यापाशी लावून ठेवलेल्या व्हॅनकडं गेला आणि तिन्ही प्लग खोलून आणले. गिताबाई त्याच्या मागोमाग गॅरेजवर आली. त्यानं भांडं काढलेलं बघून ती दारातच थांबली.

“नका बघू,” ती म्हणाली. “आवं, बघून काय करनार? गेला त्यो गेला.”

“मला कळाय पायजे, गिता.”

पहिला प्लग लावला. घोंगड्याखाली तो एकटाच. काटा चढला, ठिणगी टिकली. दुसराही तसाच. तिसरा मोकळ्या हवेत चांगला उडाला. भांड्यात थोडी हवा भरल्यावरही उडाला. काटा अर्ध्यावर गेला आणि काच काळी झाली. त्यानं पुन्हा केलं, तार घासून केलं, दुसरी कॉइल लावून केलं. तेच. मग त्यानं प्लग काढून तात्याबाच्या दुकानातल्या भिंगाखाली धरला. चिनीमातीवर केसाएवढी चीर होती. ती धडकेनं पडली असेल, असं एक क्षणभर त्याला वाटलं. पण चिरेच्या आत काजळीची काळी रेघ होती. पुष्कळ दिवस वीज त्या वाटेनं गळत होती. ताज्या चिरेत काजळी कुठून येणार? ती पडली तेव्हाचा आवाज त्यानं ऐकला होता.

तात्याबानं विचारलं, “काय निघालं?”

“काय न्हाई,” हरिबा म्हणाला.

आधी तो ठाण्यात गेला. हवालदाराला म्हणाला, “सायेब, ड्रायव्हर खरं बोलतोय. गाडी बंद पडली व्हती. माझ्या हातच्या प्लगनं पडली.” हवालदारानं त्याला पाणी दिलं. “आप्पा, दुःखात माणूस काय बी बोलतं,” तो म्हणाला. “ट्रक वेगात होता, त्याचा पंचनामा झालाय. घरी जावा. घरच्यांकडं बघा.” पुढं ड्रायव्हरला जामीन मिळाला आणि तो निघून गेला. हरिबाचं म्हणणं कुठं लिहिलंच गेलं नाही.

घरी फक्त गिताबाईला त्यानं सगळं सांगितलं. तिनं उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “पूनमला सांगू नका.”

“एका घरात खोटं कसं राहू?”

“खोटं कुठं बोलताय? गप राहा म्हनते मी. तुमचं वझं तुमच्या डोईवर हाय, ते तिच्यावर कशाला ठिवता? तिला तिचं काय कमी हाय?”

त्यानं ऐकलं, आणि काही आठवडे तो गप्प राहिलाही. पण पूनम रोज त्याला वाढायची. वाढताना म्हणायची, “आबा, अजून एक घ्या, तुमी काय खाईना झालाय.” कधी बोलता बोलता ती रडायला लागायची आणि त्याच्याकडं बघायची, कारण त्या घरात संपतला तिच्याआधीपासून ओळखणारा तोच होता. संपत लहानपणी कसा होता हे ती त्याला परत परत विचारायची. घोड्यावर बांधलेल्या पोराची गोष्ट तिला पाठ झाली होती, तरी विचारायची. हरिबा ताट सरकवून उठायचा.

एका सकाळी प्रगती शाळेत गेली होती. पूनम दारात ज्वारी निवडत बसलेली. हरिबा उंबऱ्यात बसला आणि त्यानं सांगितलं. व्हाइस, टिक, चीर, काजळी, ‘रयवारी बघू’. काही गाळलं नाही.

पूनमचे हात सुपात थांबले.

“तुमी हे कवा बघितलं?”

“तेराव्याच्या आधी.”

“आक्काला ठाव हाय?”

“हाय.”

आत गिताबाई भांडी घासत होती, तो आवाजही बंद झाला.

“मग मला कशाला सांगितलं, आबा?”

“तुला कळाय पायजे म्हणून.”

“मला कळून काय करायचं? ते माघारी येनार हायेत का?” तिचा आवाज चढला नव्हता. “इतकं दिस मी तुमच्या तोंडाकडं बघून रडत व्हते. वाटायचं, माझं गेलं तेवढंच ह्यांचं बी गेलंय. आता मी कुनाकडं बघून रडू?”

“मला शिव्या दे, पूनम. काय बी बोल.”

“ते बी मीच करायचं? तुमाला हलकं वाटावं म्हणून?”

ती सूप घेऊन आत गेली. त्या दिवशीही तिनं त्याला वाढलं. फक्त ‘अजून एक घ्या’ म्हणाली नाही.

दिवाळीच्या आधी तिचे वडील रखमाजी कासुर्डीहून टेम्पो घेऊन आले. तिनंच निरोप पाठवला होता. हरिबाला वाटलं, आता सगळं बाहेर येईल. येऊ दे, असंही वाटलं. तो अंगणात उभा राहून वाट बघत होता. रखमाजीनं येऊन त्याचे दोन्ही हात धरले.

“आप्पा, राग मानू नका. पोर म्हनती, हायवेचा आवाज सोसत न्हाई. ट्रक गेला की छातीत धडधडतं. थोडं दिस घिऊन जातो.” त्याचे डोळे भरले होते. “तुमी भावाला बापावानी वाढवलं. तुमच्यासारखा मानूस मिळत न्हाई.”

हरिबानं पूनमकडं पाहिलं. ती ओट्यावर बसून प्रगतीची वेणी घालत होती. तिनं वर बघितलं नाही. तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं आणि पुढंही कधी सांगितलं नाही. तो ज्याची वाट बघत होता ते त्याला कुणी दिलं नाही, ना भावकीनं, ना पोलिसांनी, ना तिनं.

प्रगती टेम्पोत चढताना म्हणाली, “आबा, मी सुट्टी संपली की येते.” त्यानं मान हलवली. गिताबाई घरात होती. तिनं पोरीला बाहेर येऊन निरोप दिला नाही, तिच्यानं झालं नाही. टेम्पो वळणाआड गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, “झालं समाधान?” आणि मग तीच म्हणाली, “नका मनाला लावून घिऊ. माझ्या तोंडातनं गेलं.” बोलून गेलेलं दोघांनीही पुढं कधी काढलं नाही.

‘थोडं दिस’ म्हणून गेलेली पूनम परत आली नाही. तिला तिकडं अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं. हरिबानं भांडं भंगारात घातलं. पण तेवढ्यानं सुटका झाली नाही. बसवलेला प्लग तो पुन्हा काढून बघायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा काढायचा. गिऱ्हाईक उभं राहून कंटाळायचं. “हरिबाचा हात गेला,” लोक म्हणायला लागले, आणि ते काही खोटं नव्हतं. शेवटी त्यानं आपली अर्धी जागा तात्याबाला दिली आणि एका कंपनीच्या गेटवर राखणदार म्हणून लागला. येणाऱ्या गाडीला दांडी उचलून द्यायची, गेली की खाली सोडायची.

मधल्या काळात तो कासुर्डीला एकदाच गेला. पूनमनं डोक्यावर पदर घेऊन चहा दिला, बसायला सतरंजी टाकली. पाहुण्यासारखं. प्रगती उंच झाली होती, आणि तिला त्याच्याशी काय बोलावं सुचत नव्हतं. निघताना पूनम त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

“आबा, राग न्हाई आता. खरंच न्हाई,” ती म्हणाली. “पर तुमी आला की मला त्यो आवाज ऐकू येतो. टिक म्हनून. मी कवा ऐकला बी न्हाई, तरी येतो. तुमी येऊ नका. आक्काला धाडत जावा.”

“बरं,” तो म्हणाला.

तेव्हापासून गिताबाई एकटी जाते. दिवाळीला, कधी यात्रेला. लाडू करून नेते. ती परत यायच्या दिवशी हरिबा रजा टाकून घरी थांबतो. ती हातपाय धुऊन टेकेपर्यंत काही विचारत नाही. मग एकेक विचारतो.

“उंची केवढी झाली?”

“माझ्या डोक्यावरनं गेली.”

“कितवीला?”

“धाव्वीचं वर्स हाय.”

“चष्मा लागंल म्हनत व्हती ना पूनम, तू मागं सांगितलंस. लागला का?”

“न्हाई, पूनमनं तपासून आणलं. डोळं चांगलं हायेत.”

गिताबाई त्याला खोटं सांगत नाही. त्यानं ज्या वर्षी विचारलं, “माझं नाव काढलं का पोरीनं?” त्या वर्षी तिनं पिशवीतून डबा बाहेर काढता काढता सांगितलं, “न्हाई काढलं.”

हरिबानं मान डोलावली. डबा हातात घेतला, पूनमनं त्यात काय दिलंय ते उघडून पाहिलं आणि परत झाकण लावलं. मग विचारलं, “शाळंला चालत जाती का सायकल हाय?”

“चालत,” गिताबाई म्हणाली. “जवळच हाय शाळा.”